मित्रमंडळींसह मेक्सिकन स्ट्रीट फूड खायला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरात आणि हळूहळू लातूर-नांदेडकडेही टाको, बरिटो आणि नाचोज देणारी साधी उपाहारगृहे व कॅफे दिसू लागल्यापासून त्यांविषयीचे तेच ते प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतात. ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो वाचकांच्याच शब्दांत ठेवले असून, जेथे एका उत्तराचा संबंध दुसऱ्याशी येतो तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मेनूकार्डवरची नावं वाचूनच गोंधळ होतो. नेमकं काय काय असतं?

मेनूकार्ड लांबलचक असले, तरी त्यातील बहुतेक पदार्थ त्याच चार-पाच गोष्टींच्या वेगवेगळ्या मांडण्या असतात. टॉर्टिया ही मक्याची किंवा मैद्याची पातळ पोळी सगळ्यांच्या मुळाशी आहे. लहान टॉर्टियावर सारण ठेवून ती हातातच दुमडली की टाको होतो. मोठ्या मैद्याच्या टॉर्टियात सारण, बीन्स (राजम्यासारखे शिजवलेले दाणे) आणि बहुधा भात भरून तिची बंद गुंडाळी केली की बरिटो होतो. आत चीज घालून, दुमडून तव्यावर भाजली की केसादिया. गुंडाळ्या करून वर मिरचीचा रस्सा ओतला की एन्चिलाडा. हा पदार्थ काट्या-चमच्यानेच खावा लागतो. सपाट टॉर्टिया कडक तळून वर सारण रचले की टोस्टाडा, आणि तिचेच त्रिकोणी तुकडे तळून त्यांवर चीज व मिरच्या घातल्या की नाचोज. यांशिवाय मक्याच्या कणसाला मेयोनेज, चीज, तिखट आणि लिंबू लावून केलेले एलोते आणि तेच दाणे पेल्यात घालून दिलेले एस्कितेस हे पदार्थ मिळाले, तर अवश्य मागवावेत.

उच्चारांची चिंता करू नये. वेटरही आपल्यासारखाच मराठी किंवा हिंदी बोलणारा असतो, आणि मेनूवर बोट ठेवले तरी काम भागते.

२. टॉर्टिया म्हणजे मक्याची भाकरीच ना? मग तिचं एवढं कौतुक कशासाठी?

दिसायला ती भाकरीच्या जवळची असली, तरी पिठामागची प्रक्रिया वेगळी आहे आणि सारा फरक तेथेच पडतो. मेक्सिकोत वाळलेला मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच भिजत ठेवतात, नंतर धुऊन ओलाच वाटतात. चुन्यामुळे दाण्याचे कठीण साल सुटते, पीठ चिकटपणा धरते आणि त्याला एक विशिष्ट, किंचित मातकट सुगंध येतो. आपल्याकडे गिरणीत दळलेल्या मक्याच्या पिठाची पोळी थापताना कडा फाटतात, कारण त्या पिठावर ही प्रक्रिया झालेली नसते.

ही पद्धत तीन हजार वर्षांहून जुनी आहे आणि तिचा संबंध केवळ चवीशी नाही. मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व चुन्याच्या प्रक्रियेशिवाय शरीराला फारसे मिळत नाही. युरोपीयांनी अमेरिकेतून मका नेला, मात्र ही पद्धत नेली नाही. परिणामी उत्तर इटलीसारख्या भागांत, जेथे गरीब शेतकरी मक्यावरच जगत होते, तेथे पेलाग्रा या रोगाने पिढ्यान्‌पिढ्या बळी घेतले. मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला युनेस्कोने २०१० मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, तेव्हा मका, बीन्स आणि मिरची यांच्यासह या प्रक्रियेचाही आवर्जून उल्लेख होता.

म्हणून उपाहारगृहात गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा, की टॉर्टिया मक्याची आहे की मैद्याची, आणि ती येथेच केली जाते की पाकिटातून येते. उत्तरावरून स्वयंपाकघराविषयी बरेच काही कळते. घरी करून पाहण्याविषयी प्रश्न १९ पाहावा.

३. आपल्याकडं मिळतं ते खरं मेक्सिकन असतं का? की नुसतंच नाव?

आपल्याकडील बहुतेक मेनू थेट मेक्सिकोतून आलेले नाहीत. ते अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील मेक्सिकन वस्त्यांत घडलेल्या, टेक्स-मेक्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शैलीवर बेतलेले असतात. कडक, पिवळी, होडीच्या आकाराची टाकोची कवचे, किसलेले पिवळे चीज आणि सारणात भरपूर जिरे ही त्या शैलीची लक्षणे होत. मेक्सिकोतील रस्त्यावरचा टाको मऊ असतो, आकाराने तळहाताएवढा असतो आणि त्यावर चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबू व सालसा म्हणजे टोमॅटो-मिरचीची चटणी याहून अधिक काही सहसा नसते. त्यातील कांदा, कोथिंबीर आणि लिंबू या तिन्ही गोष्टी आपल्याकडे ताज्या आणि स्वस्त मिळतात. तरीही त्या सोडून पाकिटातील चीजसॉसवर भिस्त ठेवणारी उपाहारगृहे पाहिली की वाईट वाटते.

तथापि ‘खरे’ या शब्दाचा फार आग्रह धरण्यात अर्थ नाही. नाचोज १९४० च्या दशकात सीमेवरच्या पिएद्रास नेग्रास या मेक्सिकन गावात इग्नासियो आनाया यांनी पलीकडून आलेल्या अमेरिकी पाहुण्यांसाठी हाताशी असलेल्या साहित्यातून केले. मेक्सिको सिटीत गल्लोगल्ली मिळणारा अल पास्तोर टाको उभ्या सळईवर भाजलेल्या मांसाचा असतो, आणि ती पद्धत लेबनॉनहून तेथे स्थायिक झालेल्या लोकांच्या शावरम्यातून आली. तेव्हा पनीर टिक्क्याचा टाको दिसला म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. सारण ताजे असावे, टॉर्टिया गरम असावी आणि सालसा त्याच दिवशी वाटलेला असावा. त्या टाकोबद्दल तक्रार राहणार नाही.

उलट संशय घ्यायचा असेल, तर शंभर पदार्थांच्या मेनूचा घ्यावा. मेक्सिको सिटीतील ‘एल कालिफा दे लिओन’ या टपरीवजा टाकोच्या दुकानाला २०२४ मध्ये मिशेलिन या उपाहारगृहांचा दर्जा ठरवणाऱ्या मार्गदर्शिकेचा तारा मिळाला. तेथे टाकोचे मोजकेच प्रकार मिळतात आणि बसायला धड जागाही नाही. एकाच मेनूवर मेक्सिकन, चायनीज, पावभाजी आणि थाळी असेल, तर तेथे मेक्सिकन पदार्थांतील नाचोजपुरतेच मागवावे असा आमचा सल्ला राहील.

४. आम्ही पाच-सहा मित्र जाणार आहोत. किती आणि कोणत्या क्रमानं मागवावं?

सगळे एकदम मागवू नये, हे सर्वांत महत्त्वाचे. थाळीच्या सवयीमुळे आपण बसल्याबरोबर सगळ्यांचे मिळून एकदाच सांगून टाकतो, मग सर्व पदार्थ एकत्र येतात आणि गप्पांच्या नादात अर्धे गार होतात. टाको तव्यावरून उतरल्यापासून पाच-सात मिनिटांत खाल्ला नाही, तर मऊ टॉर्टिया ओली होऊन फाटते आणि कडक कवच सादळते. मेक्सिकोतील टाकोच्या गाड्यांवर लोक दोन-दोन टाको मागून उभ्याउभ्याच खातात, आणखी हवे असतील तर पुन्हा सांगतात, आणि शेवटी किती झाले ते सांगून पैसे देतात. टेबलावर बसूनही हाच क्रम पाळता येतो.

पहिल्या फेरीत सहा जणांत नाचोजची एक मोठी प्लेट आणि दोन-तीन प्रकारचे सालसा मागवावेत. त्यावरूनच स्वयंपाकघराचा हात कळतो आणि उशिरा येणाऱ्या मित्राची वाटही पाहता येते. दुसऱ्या फेरीत टाको घ्यावेत. एका प्लेटमध्ये साधारणतः दोन किंवा तीन टाको येतात, म्हणून मागवण्यापूर्वी संख्या विचारून घ्यावी आणि सर्वांना प्रत्येक प्रकारातील एकतरी मिळेल अशी जुळणी करावी. टाको अर्धा तोडून वाटण्याचा पदार्थ नव्हे. वाटून खाण्यासाठी केसादिया उत्तम, कारण ती त्रिकोणी कापूनच येते. बरिटो शेवटी मागवावा. तो पोटभरीचा असतो आणि एका बरिटोत भात व बीन्स मिळून एका माणसाचे जेवण होते. तोच आधी आला, तर पुढे कोणी काही मागवत नाही. हवा असल्यास तो मधोमध कापून देण्यास सांगावे.

जेवणानंतर चुरोस म्हणजे साखर-दालचिनीत घोळलेल्या तळलेल्या कांड्या मिळाल्या तर घ्याव्यात. त्या मूळच्या स्पेनच्या आहेत, तरी मेक्सिकोत त्या रस्तोरस्ती मिळतात.

५. टाको तोंडाशी नेला की सगळं सारण ताटात सांडतं. नीट खायचा कसा?

टाको आडवाच ठेवावा आणि आपले डोके वाकडे करून बाजूने चावा घ्यावा. टाको उभा केला की सारण खाली घसरते. कोपर टेबलाबाहेर काढून, किंचित पुढे झुकून खाल्ल्यास सांडले तरी ताटात सांडते. मेक्सिकोत अनेक ठिकाणी एका टाकोला दोन टॉर्टिया लावतात, कारण एक फाटली तरी दुसरी सावरते. सारण फार रसाळ असेल, तर दुसरी टॉर्टिया मागण्यास हरकत नाही. काट्याने टाको खाणे गैर नाही. मात्र कोणी हसले तर हसू द्यावे.

६. आम्हाला ठेचा पचतो. मेक्सिकन तिखट आम्हाला काय करणार?

बहुतेक वेळा काहीच करणार नाही. नाचोजवर येणारी हालापेन्यो मिरची तिखटपणाच्या स्कोव्हिल मापावर साधारणतः २,५०० ते ८,००० एककांत बसते, आणि व्हिनेगरात मुरवलेली असल्यामुळे तिची आंबटच चव अधिक जाणवते. सिल्लोड किंवा भोकरदनच्या मिरचीवर वाढलेल्या जिभेला ती सौम्य वाटेल. परंतु मेनूवर हाबानेरो हा शब्द दिसल्यास जपून राहावे. ही लहान, रंगीत आणि फळासारखा वास असलेली मिरची एक लाखापासून साडेतीन लाख एककांपर्यंत जाते. तिचा सालसा केशरी रंगाचा आणि दिसायला निरुपद्रवी असतो. तो चमचाभर घेण्याऐवजी टाकोच्या कडेला थेंबभर लावून पाहावा. पैज लावून तो खाण्याचे प्रकार मित्रमंडळीत होतातच. ज्याला आम्लपित्त किंवा दम्याचा त्रास आहे, त्याला तरी त्यातून वगळावे.

चिपोत्ले ही वेगळ्या जातीची मिरची नसून पिकलेली हालापेन्यो धुरावर वाळवली की तिला हे नाव मिळते. तिचा धुरकट स्वाद चुलीवरच्या वांग्याच्या भरताची आठवण असणाऱ्यांना हमखास आवडतो.

तोंड पोळल्यास पाणी पिऊन उपयोग होत नाही, कारण तिखटपणा आणणारे कॅप्सेसिन पाण्यात फारसे विरघळत नाही. दूध, दही किंवा टेबलावरील सावर क्रीम घ्यावे. आणि ज्या मिरचीवर आपण एवढा अभिमान बाळगतो ती मूळची त्याच प्रदेशातील, पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आलेली आहे, एवढे लक्षात ठेवून वाद घालावा.

७. बीन्सचा टाको शाकाहारीच असणार ना? वेगळं विचारायची काय गरज?

गरज आहे. मेक्सिकोत घोटलेले बीन्स अनेकदा डुकराच्या चरबीत परततात आणि काही टॉर्टियांतही ती चरबी असते. आपल्याकडे स्थानिक उपाहारगृहांत ते तेलातच होते. आयात केलेल्या डब्यातील बीन्स किंवा टॉर्टिया वापरल्या असतील, तर पाकिटावरील हिरवी खूण दाखवण्यास सांगावे. मेयोनेज अंड्याचे आहे की बिनअंड्याचे, हे विचारावे, कारण एलोते आणि चिपोत्ले सॉस या दोहोंत ते असते. काही चीज वासराच्या पोटातील रेनेट वापरून घट्ट केलेले असते. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक चीजवर हिरवी खूण असते, तरी आयात चीजच्या बाबतीत खात्री करावी. भाताकडेही लक्ष द्यावे, कारण मेक्सिकन भात कोंबडीच्या अर्कात शिजवण्याची पद्धत आहे.

चिकन आणि पनीर एकाच तव्यावर परततात का, हा प्रश्न आपल्याकडे सर्वाधिक महत्त्वाचा ठरतो. ज्यांना ते चालत नाही त्यांनी गर्दीच्या वेळी जाऊ नये. सायंकाळी सातपूर्वी गेल्यास तवा धुऊन देण्याची विनंती सहज मान्य होते.

८. मेनूवर अल पास्तोर, कार्ने आसादा असं लिहिलंय. त्यात कोणतं मांस असतं? आमच्यात काही जण फक्त हलाल खातात.

मेक्सिकोत अल पास्तोर डुकराच्या मांसाचा आणि कार्ने आसादा गोमांसाचा असतो. महाराष्ट्रात गायींच्या कत्तलीवर आधीपासून आणि २०१५ पासून बैल व वळू यांच्याही कत्तलीवर बंदी असल्याने येथे त्या नावाखाली सहसा चिकन, क्वचित मटण किंवा म्हशीचे मांस मिळते. अल पास्तोरही बहुतेक ठिकाणी चिकनचाच करतात. तरीही नावावरून अंदाज न करता ‘यात कोणते मांस आहे?’ असे सरळ विचारावे. हलालविषयी विचारताना संकोच करू नये. संभाजीनगरसारख्या, नान-खलियावर पोसलेल्या शहरात हा प्रश्न वेटरला नवा नाही. मांस कोणत्या दुकानातून येते हे सांगण्यास टाळाटाळ झाली, तर त्या मित्रांसाठी शाकाहारी पदार्थ मागवावेत आणि त्यातही प्रश्न ७ मधील खबरदारी घ्यावी.

९. एक मैत्रीण जैन आहे. तिच्यासाठी काही मिळेल का?

आयत्या वेळी फारसे नाही. सालसा, घोटलेले बीन्स आणि सारणाचा मसाला सकाळीच तयार होतो आणि या सर्वांत कांदा-लसूण असतोच. तो नंतर काढता येत नाही. आदल्या दिवशी दूरध्वनी केल्यास टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू, मिरची यांचा साधा सालसा, मक्याचे दाणे आणि चीज यांचा टाको किंवा केसादिया बहुतेक ठिकाणी करून देतात.

१०. चतुर्थी किंवा नवरात्रात मित्रांसोबत गेलो, तर उपवासाला काय चालेल?

रूढ अर्थाने तेथील काहीच चालणार नाही. मका, राजमा, मैदा, कांदा, लसूण ही सर्व उपवासाला वर्ज्य मानतात, आणि फळे किंवा प्रश्न १३ मधील, तांदळाचे सोडून, साधी पेये एवढाच पर्याय उरतो. तेही मीठ-मसाल्याविना मागावे लागते.

यातील गंमत मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची आणि ज्यापासून साबुदाणा होतो तो कसावा कंद ही सर्व पिके मूळची अमेरिका खंडातील आहेत. दाण्यांसाठी पिकवला जाणारा राजगिराही तिकडचाच. मेक्सिकोत राजगिऱ्याच्या लाह्या मधात किंवा गुळासारख्या कच्च्या साखरेत घालून वड्या पाडतात, त्यांना ‘आलेग्रिया’ म्हणतात, आणि त्या आपल्या राजगिऱ्याच्या चिक्कीशेजारी ठेवल्या तर कोणती कुठली हे ओळखणे कठीण जाईल. म्हणजे एकादशीच्या दिवशी आपण साबुदाण्याची खिचडी खातो तेव्हा ताटातला शिधा बराचसा त्याच मुलखातून आलेला असतो. फक्त शेजारचा मका तेवढा चालत नाही. एखाद्या मेक्सिकन उपाहारगृहाने श्रावणात राजगिरा, रताळे आणि शेंगदाण्याची उपवासाची प्लेट सुरू केली, तर ती आपल्या रीतीतही बसेल आणि मेक्सिकोच्याही.

११. मला गव्हाची ऍलर्जी आहे. मक्याचा टाको निर्धास्त खावा का?

निर्धास्त खाऊ नये. शुद्ध मक्यात ग्लूटेन हे गव्हातील प्रथिन नसते, परंतु आपल्याकडे टॉर्टिया फाटू नये म्हणून मक्याच्या पिठात मैदा मिसळण्याची पद्धत सर्रास आहे. तिचे कारण प्रश्न २ मध्ये आले आहे. शिवाय एकाच तेलात मैद्याचे पदार्थही तळले जातात. बरिटो तर मैद्याचाच असतो. त्याऐवजी भात, बीन्स, भाज्या आणि सालसा वाडग्यात घालून देण्यास सांगावे.

शेंगदाण्याची ऍलर्जी असणाऱ्यांनी ‘साल्सा माचा’ टाळावा. तो तेलात तळलेल्या वाळक्या मिरच्यांचा असतो आणि त्यात बहुधा शेंगदाणे असतात.

१२. ग्वाकामोलेला वेगळे पैसे का लावतात? आणि एवढ्याशा वाटीला एवढे?

ग्वाकामोले ऍव्होकॅडोचा करतात आणि आपल्या बाजारात येणारी चांगली ऍव्होकॅडो बहुतांशी आयात केलेली व महाग असतात. फळ कच्चे राहिले तर उपयोगाचे नसते आणि पिकल्यावर दोन-तीन दिवसांत काळे पडते. ते वाया गेलेले नगही त्या वाटीच्या किमतीत धरलेले असतात. कापल्यानंतर हवा लागताच ते तपकिरी होऊ लागते, म्हणून मागणीनंतर घोटून दिलेलेच ग्वाकामोले घ्यावे. वाटी टेबलावर येताच तिचा रंग मळकट असेल, तर ती परत करण्यास संकोच करू नये. ऍव्होकॅडोला स्वतःची चव फारशी नसते. मीठ आणि लिंबू कमी पडले तर ते मागून घ्यावे.

१३. सोबत प्यायला काय घ्यावं? मार्गारिटा मिळते का?

मेक्सिकोत टाकोसोबत ‘आग्वा फ्रेस्का’ म्हणजे फळ, फूल किंवा धान्य पाण्यात घालून केलेली थंड पेये घेतात. चिंचेचे पाणी त्यांतील अत्यंत लोकप्रिय. दुसरे, गडद लाल रंगाचे ‘आग्वा दे हामायका’ हे लाल अंबाडीच्या बोंडांच्या पाकळ्यांपासून करतात. अंबाडीची भाजी आणि भाकरी खाऊन वाढलेल्या माणसाला ती आंबट चव लगेच ओळखू येईल. तिसरे ‘ओर्चाता’ हे तांदूळ आणि दालचिनीचे, गोडसर, दुधासारखे दिसणारे पेय तिखटावर उतारा म्हणून चांगले. ही तिन्ही पेये येथील साहित्यातून सहज होण्यासारखी असताना मेनूवर निळ्या-हिरव्या सिरपची मॉकटेलच अधिक दिसतात, याचे नवल वाटते.

मार्गारिटात टकीला हे मद्य असते, त्यामुळे ती केवळ परवाना असलेल्या ठिकाणीच मिळते. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि टकीलासारख्या मद्यांसाठी २५ वर्षे ही किमान वयोमर्यादा आहे. साध्या कॅफेत ‘व्हर्जिन मार्गारिटा’ लिहिलेले असेल, तर ते लिंबूपाणी आहे असे समजून त्याची किंमत रास्त आहे का ते ठरवावे.

१४. बिलात सेवाशुल्क लावलं होतं. ते द्यावंच लागतं का?

द्यावेच लागते असे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार उपाहारगृहाला बिलात सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये या सूचना वैध ठरवल्या. शुल्क लावलेले दिसल्यास ते काढून नवे बिल मागावे. नकार मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. वेटरला आपखुशीने दिलेले पैसे हा वेगळा विषय आहे.

वस्तू व सेवा कर साध्या उपाहारगृहात ५ टक्के असतो. उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या कंपोझिशन योजनेतील छोट्या व्यावसायिकांना मात्र तो ग्राहकाकडून वेगळा आकारता येत नाही. बिलावर कर दिसत असेल तर जीएसटी क्रमांकही दिसला पाहिजे.

१५. बिल सारखं वाटायचं की ज्याचं त्यानं द्यायचं? दर वेळी कुरबुर होते.

बसण्यापूर्वी ठरवून टाकावे, एवढाच यावर उपाय आहे. नाचोज, सालसा यांसारखे सर्वांनी खाल्लेले पदार्थ सारखे वाटावेत आणि बरिटो, मद्य, जादाचे ग्वाकामोले हे ज्याचे त्याच्याकडे ठेवावे. एकाने बिल भरून इतरांनी तेथेच बसल्या जागी यूपीआयने पैसे पाठवावेत. ‘नंतर देतो’ म्हणणाऱ्याकडून पैसे निघत नाहीत, हे सांगायला नको. वाढदिवसाची पार्टी असेल, तर यजमानाने मेनू आधी पाहून तीन-चार पदार्थ स्वतःच ठरवावेत, म्हणजे पाहुण्यांनाही किमतीकडे पाहत अवघडून बसावे लागत नाही.

१६. मित्रांसोबत एकाचे आई-बाबाही येणार आहेत. त्यांना काय आवडेल?

भाजलेल्या मक्याचा एलोते, बीन्सचा मऊ टाको आणि भाताचा वाडगा यांपासून सुरुवात करावी. कडक कवचाचा टाको ज्येष्ठांच्या दातांना त्रास देतो. चीज कमी घालण्यास सांगावे आणि लिंबू जास्त मागावे. काकूंना काही आवडलेच नाही, तर आग्रह न करता प्रश्न १३ मधील चिंचेचे पाणी मागवावे.

१७. मे महिन्यात कच्चा सालसा खाणं सुरक्षित आहे का?

पारा ४० अंशांच्या वर असताना चिरलेला टोमॅटो-कांदा एका तासाहून अधिक काळ उघड्यावर राहिला असेल, तर खाऊ नये. दुपारी गेल्यास भाजून वाटलेला सालसा निवडावा, आणि पानकोबी किंवा लेट्यूस घातलेले टाको त्या दिवसांत टाळावेत. बर्फाविषयी नेहमीची खबरदारी येथेही लागू आहे.

१८. पार्सल नेलं तर चांगलं लागतं का?

बरिटो आणि केसादिया चांगल्या लागतात. टाको आणि नाचोज लागत नाहीत. न्यायचेच असल्यास टॉर्टिया, सारण, सालसा आणि कांदा-कोथिंबीर वेगवेगळ्या डब्यांत मागाव्यात, घरी टॉर्टिया कोरड्या तव्यावर अर्धा-अर्धा मिनिट शेकून कापडात गुंडाळून ठेवाव्यात आणि ज्याने त्याने आपला टाको भरून घ्यावा.

१९. आमच्या तालुक्याच्या गावात असं हॉटेल नाही. घरी मित्रांना बोलावून करता येईल का? मक्याचं पीठ थापताना फाटतं.

करता येते, आणि सिल्लोड-कन्नडकडच्या वाचकांच्या तर शेतातच मका असतो. गिरणीतील कोरडे पीठ का फाटते ते प्रश्न २ मध्ये दिले आहे. त्यासाठी कोवळी किंवा गोड कणसे चालत नाहीत. पूर्ण वाळलेला, कीडनाशक किंवा बियाण्याची रासायनिक प्रक्रिया न केलेला खाण्याचा मका घ्यावा. पेरणीसाठीचे रंगीत बियाणे चुकूनही वापरू नये.

एक किलो मक्याला सुमारे दहा ग्रॅम खाण्याचा चुना, म्हणजे वजनाच्या एक टक्का, पुरतो. रंगकामाचा चुना वापरू नये. स्टीलच्या पातेल्यात मका बुडून वर चार बोटे राहील एवढ्या पाण्यात चुना विरघळवून त्यात मका मंद आचेवर अर्धा ते पाऊण तास उकळावा आणि झाकून रात्रभर ठेवावा. ॲल्युमिनियमचे भांडे घेऊ नये, कारण चुन्याची त्यावर रासायनिक क्रिया होते. सकाळी पाणी काढून दाणे हाताने चोळावेत, सुटलेली साले धुऊन टाकावीत आणि दाणे ओलेच वाटावेत. मिक्सरमध्ये पाणी जास्त पडते आणि गोळा सैल होतो. इडलीसाठीचा दगडी ग्राइंडर किंवा पाटा-वरवंटा असेल तर उत्तम. पीठ सैल झालेच, तर थोडे कोरडे मक्याचे पीठ मिसळून सावरता येते.

लिंबाएवढा गोळा प्लास्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून सपाट बुडाच्या ताटलीने दाबावा. भाकरीसारखे थापण्याचा प्रयत्न करू नये, कारण हाताला चिकटून कडा असमान होतात. कडक तापलेल्या कोरड्या तव्यावर दोन्ही बाजू शेकून टॉर्टिया फुगू लागली की उतरवावी आणि लगेच कापडात झाकावी. सारणासाठी राजमा किंवा काळे बीन्स शिजवून, लसणाच्या फोडणीत घोटून घ्यावेत. सालशासाठी टोमॅटो, मिरच्या आणि लसूण तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजून मीठ घालून जाडसर वाटावेत. सहा जणांना एक किलो मक्याच्या टॉर्टिया पुरून उरतात. उरलेल्या दुसऱ्या दिवशी त्रिकोणी कापून, उन्हात तासभर सुकवून तळाव्यात.